एक ओळ, मग दहा मिनिटं शांतता

मागच्या पावसाळ्यात आमच्या ग्रुपमधल्या एकाचे वडील गेले. अगदी अचानक, ऐन रोवणीच्या दिवसांत. बातमी ग्रुपवर आली आणि पाच मिनिटांत हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. दुसऱ्या दिवशी आम्ही सहा जण सालेकसाकडच्या त्याच्या गावी गेलो.

खरी पंचाईत घरात शिरल्यावर झाली. बोलायचं काय? एकानं विचारलं, 'कसं झालं?' तेच तो सकाळपासून पन्नास जणांना सांगत बसला होता. दुसरा म्हणाला, 'टेन्शन नको घेऊ.' म्हणताक्षणी त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं. मग सगळे चूप. त्या चूप बसण्याचं इतकं ओझं झालं की आमच्यातल्या दोघांनी खिशातून मोबाइल काढला.

तेव्हा ग्रुपमधली एकजण हळूच म्हणाली, 'मोबाइल ठेवा ना रे बाहेर. बसू थोडा वेळ असंच.'

आम्ही बसलो. पहिली दोन-तीन मिनिटं जाता जाईनात. नंतर छपरावरून गळणाऱ्या पाण्याचा आवाज यायला लागला. तो आधीपासून येतच असणार, आम्हाला आता ऐकू आला. बऱ्याच वेळानं त्याच्या आजीनं भिंतीला टेकून भजनाची एक ओळ धरली. शेजारच्या बायांनी ती उचलली. तीच ओळ, आठ-दहा वेळा. पुढचं कडवं कुणी घेतलंच नाही. पुन्हा शांतता. निघताना मित्र एवढंच बोलला, 'तुम्ही आले तं बरं वाटलं.'

परतीच्या गाडीची वाट बघताना प्लॅटफॉर्मवर आम्ही तिला विचारलं, हे तुला कसं सुचलं? तिच्या घरचे दर रविवारी चर्चला जातात. ती म्हणाली, 'सुचलं नाही रे, अशी प्रार्थनाच असते. एक ओळ परत परत गायची, मग गप्प बसायचं. तेझे म्हणतात तिला.'

हे नाव आमच्यापैकी कुणीही ऐकलं नव्हतं. घरी येऊन शोधत बसलो. सापडलं ते फ्रान्समधून सुरू झालं आणि फिरून आपल्याच रेल्वेलाइनवर येऊन पोचलं.

पडक्या गावातलं घर

तेझे हे फ्रान्सच्या बुर्गोन्य भागातलं एक छोटं खेडं. १९४० च्या ऑगस्टमध्ये रॉजे नावाचा पंचवीस वर्षांचा स्विस तरुण जिनिव्हाहून सायकलीवर निघाला आणि हिंडत हिंडत इथं आला. दुसरं महायुद्ध पेटलेलं. फ्रान्स हरला होता, देशाचे दोन तुकडे झाले होते आणि त्यांना विभागणारी रेषा या गावापासून जवळच होती. गाव निम्मं ओस पडलेलं. रॉजेनं तिथं एक घर घेतलं आणि जीव वाचवून पळणाऱ्या लोकांना आसरा द्यायला सुरुवात केली. त्यांत ज्यूही होते. मदतीला त्याची बहीण आली. दोन वर्षांनी हे सगळं उघडकीला आलं. त्याला १९४२ मध्ये स्वित्झर्लंडमध्येच राहावं लागलं, तो परत आला थेट १९४४ मध्ये.

पुढची गोष्ट मला सगळ्यात भिडली. युद्ध संपल्यावर त्याच भागात जर्मन युद्धकैद्यांची छावणी होती. ज्यांच्यापासून त्यानं लोकांना लपवलं, त्यांच्याच बाजूनं लढलेले हे सैनिक. रॉजे आणि त्याच्या साथीदारांनी परवानगी काढून रविवारी त्या कैद्यांना घरी जेवायला बोलवायला सुरुवात केली. गावातल्या लोकांना ते किती रुचलं असेल, याची आपण कल्पनाच केलेली बरी.

१९४९ च्या ईस्टरला सात जणांनी आयुष्यभर एकत्र, अविवाहित आणि साधं राहायची प्रतिज्ञा घेतली. हे सगळे प्रोटेस्टंट. पुढं १९६९ पासून कॅथलिकही त्यांच्यात आले. आपल्याला बाहेरून 'ख्रिश्चन' म्हणजे सगळे एकच वाटतात. पण कॅथलिक, प्रोटेस्टंट, ऑर्थोडॉक्स या पंथांमध्ये शेकडो वर्षांची भांडणं आहेत, युद्धंसुद्धा झाली आहेत. वेगवेगळ्या पंथांच्या माणसांनी एका छपराखाली राहणं, रोज तीन वेळा एकत्र प्रार्थना करणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. आज तिथं सुमारे तीस देशांमधून आलेले ब्रदर आहेत. ते देणग्या घेत नाहीत. मातीची भांडी बनवून, स्वतःच्या कामावर जगतात.

१९६२ मध्ये तिथं मोठं चर्च उभं राहिलं. ते बांधायला जर्मन तरुण आले होते. आपल्या देशानं युद्धात जे केलं त्याची भरपाई म्हणून. म्हणून त्याचं नाव समेटाचं चर्च. नऊ वर्षांतच ते अपुरं पडायला लागलं. १९७१ च्या ईस्टरला एवढी पोरं आली की ब्रदरांनी चर्चची दर्शनी भिंतच पाडली आणि पुढं मोठा तंबू ठोकला.

गाणं एवढंसं का?

एवढी गर्दी झाल्यावर एक नवीच अडचण उभी राहिली. ब्रदर फ्रेंचमध्ये गायचे. लांबलचक स्तोत्रं, कठीण चाली. आलेली पोरं पोलंड, स्पेन, इटली, जर्मनीची. त्यांनी नुसतं ऐकत बसायचं? मग ही प्रार्थना कसली, तो तर कार्यक्रम झाला.

ब्रदरांनी जाक बेर्तिए या संगीतकाराला गाठलं. हा पॅरिसमधल्या एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. त्याच्याकडून १९७० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी छोटी छोटी गाणी बांधून घेतली. एक किंवा दोन ओळींची. शब्द बहुतेक बायबलमधले. एकदा ऐकलं की दुसऱ्यांदा गुणगुणता येईल आणि तिसऱ्यांदा मोकळ्या गळ्यानं गाता येईल, अशी चाल. यातली बरीच गाणी लॅटिनमध्ये आहेत. कारण लॅटिन आज कुणाच्याच घरची भाषा नाही, त्यामुळं होम ग्राउंडचा फायदा कुणालाच मिळत नाही. पुढं इतर अनेक भाषांमध्येही गाणी झाली.

प्रार्थना चालते कशी? घंटा होते. हजारो पोरं आत येऊन जमिनीवर बसतात, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. पांढऱ्या झग्यातले ब्रदर मधोमध. मेणबत्त्या, केशरी कापडाचे पट्टे, मंद उजेड. भाषण नाही. स्टेज नाही, त्यामुळं स्टार गायकही नाही आणि टाळ्याही नाहीत. एक गाणं सुरू होतं आणि तीच ओळ दहा-पंधरा वेळा फिरते. मधे बायबलमधला छोटासा भाग वाचतात. मग मोठी शांतता, आठ-दहा मिनिटांची. कुणी तिचा अर्थ सांगत नाही, कुणी 'आता डोळे मिटा' म्हणत नाही. पुन्हा एक गाणं येतं आणि बास.

मी घरी गच्चीवर एकट्यानं करून बघितलं. पहिल्या तीन-चार फेऱ्यांत डोकं शब्दांवर असतं. मग चालीवर जातं. त्यानंतर एक वेळ अशी येते की गाणं तोंडाचं तोंड म्हणत राहतं आणि मन हळूहळू खाली बसतं, नदीच्या गढूळ पाण्यातला गाळ बसावा तसं. गाणं थांबतं तेव्हा येणारी शांतता रिकामी वाटत नाही. मला मात्र दहा मिनिटं काही जमली नाहीत. चौथ्या मिनिटाला कुठल्याशा नोटिफिकेशनचा आवाज आल्याचा भास झाला. फोन खाली चार्जिंगला होता!

हे तर आपल्याला माहीत आहे

एक ओळ परत परत म्हणणं आपल्याला काही फ्रान्सनं शिकवायला नको. वारीत 'ज्ञानबा-तुकाराम' किती वेळा म्हटलं, हे कोण मोजतं? विदर्भात तर गावोगाव राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना संध्याकाळी होते. महाराजांनी पहाटेसाठी सामुदायिक ध्यान दिलं आणि संध्याकाळसाठी प्रार्थना. म्हणजे शांतताही सगळ्यांनी मिळून आणि गाणंही सगळ्यांनी मिळून. तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी. दरवर्षी गुरुकुंज मोझरीच्या पुण्यतिथी महोत्सवात बरोबर ४.५८ ला प्रचंड जनसमुदाय जागच्या जागी स्तब्ध होतो. ती मौन श्रद्धांजली ज्यानं एकदा अनुभवली आहे, त्याला तेझेची शांतता वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

आमच्या सहा जणांच्या ग्रुपमध्येही एकाच्या घरी हीच प्रार्थना चालते, दोघांच्या घरी बुद्धवंदना, एकीच्या घरी रविवारचं चर्च. एकाचा मामा इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवस गप्प बसून आलाय. आणि तरीही मित्राच्या घरी त्या दिवशी आम्हा कुणालाच बसता येत नव्हतं. घरात असलेली गोष्ट आपल्याला येतेच असं नाही, हे तिथं कळलं.

आपल्याच रेल्वेलाइनवर

आता आपल्या लाइनची गोष्ट. शाळेत आपण सगळ्यांनी जखमी पक्षिणीची ती कविता शिकली आहे. ती लिहिणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांचा जन्म कोकणातला, १८६१ चा. १८९० नंतरच्या वर्षांत ते नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं निघाले होते. म्हणजे तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा, डोंगरगड, ज्या लाइनवरून आपण अपडाउन करतो तीच. त्या डब्यात त्यांची गाठ अर्नेस्ट वॉर्ड नावाच्या मिशनऱ्याशी पडली. गप्पा झाल्या. उतरण्याआधी वॉर्ड यांनी बायबलची एक प्रत टिळकांच्या हातात ठेवली.

टिळकांनी ते वाचलं, त्यावर खूप विचार केला आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत काय पडली, हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये वाचायला मिळतं. ब्राह्मण घर हादरलं. नवरा-बायको काही वर्षं वेगळे राहिले. लक्ष्मीबाई स्वतः विचार करून १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे' अजून वाचलं नसेल तर या सुट्टीत वाचाच. इतकं हसवत रडवणारं पुस्तक मराठीत दुसरं शोधावं लागेल.

टिळकांनी आणखी एक काम केलं. त्या काळच्या मराठी चर्चमध्ये बरीचशी इंग्रजी गीतांची भाषांतरं विलायती चालींवर म्हटली जायची. टिळकांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, ख्रिस्ती कीर्तन केलं. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगायचे. मराठी चर्चमध्ये 'उपासना संगीत' या पुस्तकातून त्यांची गीतं आजही गातात. जमिनीवर बसून, टाळ घेऊन, धृपद घोळवत. तेझेच्या कितीतरी वर्षं आधी! शेवटच्या काळात साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघंही त्यात बसू शकतील, अशी त्यांची कल्पना होती. १९१९ मध्ये ते गेले आणि ते काम अर्धं राहिलं.

पण ही वाट बंद पडली नाही. १९२२ मध्ये जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूनं ख्रिस्त प्रेम सेवा संघ सुरू केला. इंग्रज आणि मराठी माणसं एकत्र, खादी घालून, साधं जेवून राहायची. पुढं त्यांचा आश्रम पुण्यात शिवाजीनगरला आला. याच आश्रमात १९७२ पासून अँग्लिकन आणि रोमन कॅथलिक अशा दोन वेगळ्या पंथांच्या भगिनी एकत्र राहायला लागल्या. त्यांच्यातल्या सिस्टर सारा ग्रँट यांनी तर शंकराचार्यांच्या तत्त्वज्ञानावर पीएचडी केली होती. आणि आपल्यापासून रेल्वेनं दोन-अडीच तासांवरच्या नागपुरात, २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळी चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. म्हणजे पंथापंथांमधल्या भिंती पाडायचं काम आपल्याकडेही झालं आहे. त्यावर फक्त कुणी रील बनवली नाही.

तेझेचे ब्रदरही इकडे आले. ब्रदर रॉजे १९७६ मध्ये तरुणांच्या एका गटाबरोबर कोलकात्यात राहिले. तिथं त्यांनी मदर तेरेसांबरोबर काम केलं. १९८५ च्या अखेरीस मद्रासमध्ये आणि २००६ मध्ये कोलकात्यात तरुणांची मोठी संमेलनं झाली. बांगलादेशात तर काही ब्रदर कित्येक वर्षांपासून राहतात.

ही थेरपी नाही

हे सगळं मी त्या मैत्रिणीला उत्साहानं सांगत होतो. म्हणालो, 'भारी आहे हे! स्ट्रेससाठी परफेक्ट. परीक्षेच्या आधी हॉस्टेलला सुरू करू.' ती हसली नाही.

'ही थेरपी नाही,' ती म्हणाली. 'आमच्यासाठी ती प्रार्थना आहे. गाण्यात ज्याचं नाव आहे, त्याच्याशीच आम्ही बोलतो. तू शेजारी येऊन बस, खुशाल बस. फक्त आतलं नाव काढून त्याचा मसाज नको करू.'

मला ते लागलं, पण पटलं. आपण सगळ्याच गोष्टी उपयोगाच्या पट्टीनं मोजतो. मन शांत होतं का, मार्क वाढतात का, झोप लागते का. मग मी तिला सरळच विचारलं, 'अशा ठिकाणी येऊन बसलो तर माझ्याकडून काही अपेक्षा असते का?' हा प्रश्न आपल्याकडे लोकांच्या मनात असतो, विचारत मात्र कुणी नाही. ती म्हणाली, 'बसायचं, एवढीच.' नंतर वाचताना कळलं, तेझेचे ब्रदर आपल्या नावाची संघटना काढत नाहीत, सदस्य करून घेत नाहीत. तिथं बहुतेक पोरं आठवडाभर तंबूत राहतात, भांडी घासतात, झाडतात, गातात. आणि परत जाताना त्यांना सांगतात, आपापल्या गावी, आपापल्या चर्चमध्ये जा आणि तिथं काम करा.

ही प्रार्थना किती खोल मुरते याची परीक्षा १६ ऑगस्ट २००५ ला झाली. संध्याकाळची प्रार्थना चालू होती. सुमारे अडीच हजार लोक आत होते. मानसिक तोल ढळलेल्या एका बाईनं नव्वद वर्षांच्या ब्रदर रॉजे यांच्यावर चाकूनं वार केले. ब्रदरांनी त्यांना उचलून बाहेर नेलं. थोड्याच वेळात त्यांचा जीव गेला. आत मात्र गाणं पुन्हा सुरू झालं आणि प्रार्थना पूर्ण झाली. आठवड्यानं अंत्यविधी झाला. एका प्रोटेस्टंट पाद्रीच्या अंत्यविधीची मिस्सा एका कॅथलिक कार्डिनलनं केली. त्याच वेळी रॉजे यांचे उत्तराधिकारी ब्रदर अलोइस यांनी त्या बाईला देवानं क्षमा करावी अशी सगळ्यांसमोर प्रार्थना केली. हे वाचल्यावर परीक्षेचा स्ट्रेस घालवण्याची माझी आयडिया फारच छोटी वाटायला लागली.

करून बघायचं असेल तर

फार काही लागत नाही. सहा-सात जण, एक खोली, एक दिवा. सगळ्यांनी एकाच दिशेला तोंड करून बसायचं, म्हणजे एकमेकांची तोंडं बघून हसू येत नाही. मोबाइल बाहेर, सायलेंटवर नाही, बाहेरच. एकच ओळ निवडा, प्रत्येकाला मनापासून म्हणता येईल अशी. आपल्या जिल्ह्यात कुणाच्या घरी पोवारी बोलतात, कुणाच्या घरी गोंडी, कुणाच्या घरी छत्तीसगढी. ओळ यांतल्या कुठल्याही भाषेत चालेल. घाई न करता दहा-बारा वेळा म्हणा. मग गप्प. पहिल्यांदा पाच मिनिटंच ठेवा, दहा झेपत नाहीत. कुणाला रडू आलं तर येऊ द्या, पाठ थोपटायला धावू नका. शेवटी तीच ओळ पुन्हा, हळू आवाजात. नंतर 'कसं वाटलं?' असं गोल करून विचारू नका. चहा प्या आणि घरी जा.

आणि एखाद्या चर्चमधल्या अशा प्रार्थनेला कुणी बोलावलं, तर ती त्यांची प्रार्थना आहे हे लक्षात ठेवून बसा. ज्या ओळी तुम्हाला म्हणाव्याशा वाटणार नाहीत, त्या म्हणू नका. शांतता मात्र सगळ्यांचीच आहे.

मित्राच्या वडिलांना जाऊन आता वर्ष होईल. पुन्हा रोवणीचे दिवस येतील, आम्ही पुन्हा त्याच्या गावी जाणार आहोत. या वेळी काय बोलायचं याची चर्चा ग्रुपवर झाली नाही. एकानं एवढंच लिहिलं, 'आजीला ती ओळ विचारून घेऊ, आपल्याला पाठ पाहिजे.'